टरफलांत उरलेले पक्षी



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विद्यार्थ्यांना नदीकाठी नेऊन दगड उचलायला लावत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून आज जमिनीवरून उचलण्याजोग्याच एका वस्तूविषयी बोलायचे ठरवले आहे. ती वस्तू म्हणजे अंड्याच्या टरफलाचा तुकडा.

सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वी खानदेशात शहामृग होते. या विधानाचा आधार जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यात, सातमाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या पाटणे गावाजवळ सापडला. पाटणे म्हटले की आपल्याला पाटणादेवी आठवते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेखही आठवतो. त्याच परिसरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकात उत्खनन केले. त्यांना अश्मयुगीन हत्यारे मिळाली आणि त्यांच्याबरोबर शहामृगाच्या अंड्यांची टरफलेही मिळाली. काहींचे मणी केलेले होते. एका तुकड्यावर आडव्यातिडव्या बारीक रेषांची जाळी कोरलेली होती. टरफलातल्या कर्ब-१४ वरून काळ निघाला तो सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा.

महाराष्ट्रातला माणसाच्या हातचा इतका जुना रेखीव नमुना क्वचितच दाखवता येईल. तो भिंतीवर नाही, हाडावर नाही, अंड्याच्या टरफलावर आहे. आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्याला ओळभरही जागा मिळत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

या तुकड्याविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. राजस्थान आणि मध्य प्रदेशातूनही शहामृगाची टरफले मोठ्या संख्येने मिळाली आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच तुकड्यांवर रेषा दिसतात. आरंभी त्या सगळ्याच माणसाने कोरल्या असे मानले गेले. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर बहुतेक रेषा वनस्पतींच्या मुळांनी केलेल्या निघाल्या. जमिनीत पुरलेल्या टरफलाला बारीक मूळ चिकटते, त्यातून पाझरणारे आम्ल चुन्याचा थर विरघळवते आणि मुळाच्या वाटेची खाच मागे राहते. अशा खाचेचा तळ गोलसर असतो, ती वळणे घेत जाते, मध्येच फाटे फुटतात. दगडी हत्याराची रेघ वेगळी दिसते. तिचा तळ टोकदार असतो, हत्यार घसरले तिथे बाजूला बारीक ओरखडे असतात, आणि एक रेघ दुसरीला कापून जाते तेव्हा आधीची कोणती आणि नंतरची कोणती हेही कळते. पाटण्याचा तुकडा या कसोटीला उतरला. एवढ्या कठोर छाननीतून तो टिकला, म्हणून त्याचे मोल मला अधिक वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. टरफलच का टिकते?

पक्ष्याच्या अंड्याचे कवच म्हणजे जवळजवळ सगळा चुना, कॅल्साइट नावाच्या स्फटिकरूपातला. कोंबडीच्या पोटात हे कवच सुमारे वीस तासांत तयार होते. आतल्या पातळ पडद्यावर प्रथिनांचे ठिपके असतात, प्रत्येक ठिपक्यावर एक स्फटिक उगवतो, ते बाहेरच्या बाजूला वाढत वाढत एकमेकांना भिडतात आणि सलग भिंत उभी राहते. भिंतीत बारीक छिद्रे राहतात, कारण आतल्या पिल्लाला श्वास घ्यायचा असतो. कोंबडीच्या अंड्याचे कवच मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढे जाड असते, शहामृगाचे सुमारे दोन मिलिमीटर. छिद्रांची मांडणी, स्फटिकांचे थर आणि जाडी यांवरून पक्ष्याचा गट ओळखता येतो.

पण खरी गोम स्फटिकांच्या आत आहे. स्फटिक वाढताना पक्ष्याच्या शरीरातली थोडी प्रथिने आतच अडकून पडतात. हाड सच्छिद्र असते. पावसाचे पाणी आणि जिवाणू त्यात शिरतात आणि मूळचे द्रव्य धुऊन जाते. कॅल्साइटमध्ये कोंडलेले प्रथिन मात्र अढीत पिकत ठेवलेल्या आंब्यासारखे बंद राहते: आत बदल होतात, पण ते आतल्या आत होतात, बाहेरचे काही मिसळत नाही. त्यामुळे ते बदल मोजता येतात, आणि मोजता आले की काळ सांगता येतो.

तो कसा, ते थोडक्यात सांगतो. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. जवळजवळ प्रत्येक अमिनो आम्लाची दोन रूपे संभवतात, डाव्या आणि उजव्या हाताच्या जोडीसारखी. जिवंत शरीर प्रथिनांसाठी फक्त डावे रूप वापरते. जीव गेला की डाव्याचे उजवे हळूहळू होऊ लागते. दोघांचे प्रमाण मोजले की किती काळ लोटला याचा अंदाज येतो. उष्णता वाढली की हा बदल वेगाने होतो, म्हणून त्या जागेचे तापमान माहीत असावे लागते. ही अट विसरली की आकडा चुकतो.

याच मोजणीतून ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या पक्ष्याच्या नाहीसे होण्याचा काळ निश्चित झाला. त्याची कथा जरा सविस्तर सांगतो, कारण टरफल किती बोलू शकते आणि त्याचे बोलणे ऐकताना किती सावध राहावे लागते, हे दोन्ही तिच्यात आहे.

गेनिऑर्निस हा उडू न शकणारा पक्षी होता. उंची दोन मीटरच्या आसपास, वजन दोनशे किलोंहून अधिक. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या रुक्ष प्रदेशात, लेक आयरच्या आसपासच्या वाळूच्या टेकड्यांवर त्याची म्हणून मानली गेलेली टरफले विखुरलेली आढळतात. एमूची टरफलेही तिथेच. कोलोरॅडो विद्यापीठाचे गिफर्ड मिलर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे हे तुकडे वेचत राहिले. १९९९ साली त्यांनी गेनिऑर्निसच्या सातशेहून अधिक टरफलांचा कालानुक्रम प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा, की सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वी ही टरफले एकाएकी थांबतात. एमूची मात्र पुढेही चालू राहतात. हवामानाचे मोठे संकट म्हणावे, तर त्याआधीच्या अधिक कडक काळातून हाच पक्षी निभावून गेला होता. त्या सुमारास ऑस्ट्रेलियात नवे काय आले होते? माणूस.

एवढ्यावरून माणसावर ठपका ठेवता येत नाही. एकाच वेळी घडलेल्या दोन गोष्टी म्हणजे कारण आणि परिणाम नव्हे. पण २०१६ साली मिलर यांच्या गटाने जळलेली टरफले पुढे मांडली. ती दोनशेहून अधिक ठिकाणी मिळाली होती आणि साधारण ५४ ते ४४ हजार वर्षांपूर्वीच्या काळातली होती. जळण्याची तऱ्हा विलक्षण होती. एकाच तुकड्याच्या एका टोकाची अमिनो आम्ले पार नष्ट झालेली, आणि थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या टोकाची जवळजवळ शाबूत. गवताला वणवा लागला तर तुकडा सगळा सारखा तापतो. एका कडेला तीव्र आच आणि दुसरी कडा गार, असे निखाऱ्याजवळ ठेवलेल्या वस्तूच्या बाबतीत होते. कोणीतरी अंडी भाजून खाल्ली आणि टरफले विस्तवाच्या कडेला टाकली, असा अर्थ त्यांनी लावला. मला तो पटतो. अंडी घालणाऱ्या मोठ्या, संथ वाढणाऱ्या पक्ष्याला शिकाऱ्याने मारायची गरजही नसते. घरटी दर हंगामात रिकामी होत गेली तरी काही पिढ्यांत जात संपते.

आणि इथेच वाद उभा राहिला. काही अभ्यासक म्हणाले, ही अंडी गेनिऑर्निसची नाहीतच. अंड्याचे वजन भरते सुमारे दीड किलो. दोनशे किलोंच्या पक्ष्याचे अंडे एवढेसे कसे? त्यांच्या मते ती प्रोगुरा नावाच्या नामशेष पक्ष्याची होती. प्रोगुरा मेगापोडांच्या कुळातला. मेगापोड म्हणजे पालापाचोळ्याच्या किंवा वाळूच्या ढिगाऱ्यात अंडी पुरून ती मातीच्या उबेवर सोडणारे पक्षी. आपल्या निकोबार बेटांवरही त्यातली एक जात आजही आहे. आक्षेप खरा ठरला असता तर टरफलांवरची सगळी मांडणी चुकीच्या पक्ष्याच्या नावावर गेली असती.

२०२२ साली बिआत्रिचे डिमार्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या टरफलांतली प्रथिनेच वाचली. उष्ण प्रदेशात इतक्या काळानंतर डीएनए मिळण्याची आशा नव्हती, पण कॅल्साइटने सांभाळलेले प्रथिनांचे तुकडे होते. ते आजच्या पक्ष्यांच्या जनुकांवरून कळणाऱ्या प्रथिनांशी ताडून पाहिले. मेगापोडांशी जुळणी झाली नाही. हा पक्षी मेगापोडांच्या शाखेबाहेरचा निघाला आणि अंडी गेनिऑर्निसची असल्याचे म्हणणे भक्कम झाले. अंड्याचा आकार लहान का, हा प्रश्न आता त्या पक्ष्याच्या शरीररचनेचा झाला, ओळखीचा राहिला नाही. विरोधकांच्या आक्षेपानेच हे प्रथिन-वाचन घडवून आणले. असा आक्षेप घेणाऱ्यांचे आभार मानले पाहिजेत.

या टरफलांत आणखी एक नोंद दडलेली आहे, ती पक्ष्यांच्या जेवणाची. ज्वारी, बाजरी, मका, ऊस या वनस्पती हवेतला कार्बन एका पद्धतीने बांधतात. गहू, भात, हरभरा, बहुतेक झुडपे आणि झाडे दुसऱ्या पद्धतीने. पहिल्या गटात जड कार्बनचे, म्हणजे कार्बन-१३ चे प्रमाण जास्त असते. पक्षी जे खातो त्याचा कार्बन अंड्याच्या टरफलात उतरतो, आणि तोही अंडे तयार होण्याच्या दिवसांतल्या जेवणाचा. एक तुकडा म्हणजे त्या मादीच्या काही दिवसांच्या आहाराची नोंद. ऑस्ट्रेलियातल्या एमूच्या टरफलांवरून मिलर यांच्या गटाने २००५ साली दाखवले, की पन्नास हजार वर्षांपूर्वीपर्यंत एमू चांगल्या पावसाच्या काळात पहिल्या गटातले उन्हाळी गवत भरपूर खात. सुमारे ४५ हजार वर्षांनंतर त्यांच्या आहारात मुख्यतः झुडपे आली. म्हणजे सबंध प्रदेशाची वनस्पतीच पालटली होती. एमूने आपले खाणे बदलले आणि तो तरला. गेनिऑर्निसचा आहार तेवढा लवचीक नव्हता. हाडांच्या सांगाड्यावरून ही गोष्ट या तपशिलाने कधी कळली नसती.

न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्यांविषयी थोडक्यात. यातल्या सर्वांत मोठ्या जातीच्या मादीचे वजन दोनशे किलोंच्या वर जाई, नर तिच्यापुढे लहानखुरा असे. तरी अंड्याचे कवच मात्र सुमारे दीड मिलिमीटरच. इतक्या पातळ कवचाच्या अंड्यावर कोण बसत असे? २०१० साली संशोधकांनी टरफलांच्या बाहेरच्या पृष्ठभागावर चिकटून राहिलेला डीएनए तपासला, तेव्हा तो नराचा निघाला. अंडी उबवण्याचे काम बाप करत असे. नामशेष झालेल्या पक्ष्याचे घरटे, त्यावर बसलेला बाप, हे सगळे टरफलाच्या बाहेरच्या अंगावर लिहिलेले होते.

त्याच वर्षी जीवाश्म टरफलांतून डीएनए काढता येतो हेही सिद्ध झाले. त्या नमुन्यांत मादागास्करच्या हत्तीपक्ष्याची टरफले होती. या पक्ष्याचे अंडे कोंबडीच्या शेदीडशे अंड्यांएवढे. अखंड अंडे मिळाले की लिलावात लाखोंनी विकले जाते, आणि फुटक्या तुकड्यांना कोणी विचारत नाही. विज्ञानाला मात्र त्या फुटक्या तुकड्यांनीच जास्त दिले. २०२३ साली अॅलिशिया ग्रीली आणि सहकाऱ्यांनी सबंध बेटावरून गोळा केलेल्या टरफलांचा डीएनए आणि रासायनिक घटक तपासले. बेटाच्या अगदी उत्तरेकडे या पक्ष्यांची एक स्वतंत्र शाखा होती असे त्यातून निघाले. ती शाखा कळली ती टरफलांमुळे. एका जातीचे वेगळे नावही त्यामुळे डळमळीत झाले: मोठी हाडे वेगळ्या जातीची म्हणून नोंदली होती, ती आधीच माहीत असलेल्या जातीच्याच माद्यांची असावीत असे दिसते.

आता न्यू गिनीकडे वळतो. तिथला कॅसोवरी हा आजही माणसाला जखमी करू शकणारा, पायाच्या नखीने फाडणारा पक्षी आहे. तिथल्या दोन शैलाश्रयांत, सुमारे १८ हजार ते ६ हजार वर्षांपूर्वीच्या थरांत, त्याच्या टरफलांचे हजाराहून अधिक तुकडे मिळाले. क्रिस्टिना डग्लस यांच्या गटाने त्यांची आतली बाजू पाहिली. आता हे जरा जवळून पाहा. अंड्यातल्या पिल्लाला हाडांसाठी चुना लागतो आणि तो ते कवचाच्या आतल्या पृष्ठभागातून ओढून घेते. ताज्या अंड्यात आतल्या बाजूचे स्फटिकांचे गोल टोक पूर्ण असते. पिल्लू वाढते तसे ते टोक झिजते, मध्ये खड्डा पडतो, कडा खरखरीत होतात. म्हणजे फुटलेल्या तुकड्याची आतली बाजू पाहून अंडे किती दिवस उबले होते ते सांगता येते. न्यू गिनीतले बहुतेक तुकडे पिल्लू बाहेर पडायच्या बेतात असलेल्या अंड्यांचे निघाले. काही जळलेले होते, पुष्कळसे जळलेले नव्हते. लोक पिल्लासकट अंडी भाजून खात होतेच, पण न जळलेल्या, उबत आलेल्या अंड्यांवरून पिल्ले जिवंत बाहेर काढून पाळली जात असावीत असा निष्कर्ष या संशोधकांनी मांडला. कोंबडी पाळायला माणूस लागला त्याच्या कितीतरी हजार वर्षे आधी कोणी कॅसोवरीचे पिल्लू सांभाळले असेल, ही शक्यता टरफलाच्या आतल्या खरखरीत पृष्ठभागाने उभी केली आहे.

या सगळ्यांतून आपल्यासाठी काय निघते, ते सांगण्यासाठी मी इथे उभा आहे.

डीएनए थंडीत टिकतो. सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून मॅमथचा डीएनए निघतो, आपल्या काळ्या मातीतून निघणे कठीण. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या आणि पावसाळ्यात चिखल होणाऱ्या जमिनीत हाडांतले जैविक द्रव्य लवकर नष्ट होते. म्हणून प्राचीन जीवांचा रेणूंवरून काढलेला इतिहास आजवर प्रामुख्याने थंड देशांचा आहे. टरफल ही अडचण बरीच दूर करते. टांझानियातल्या लाएतोली येथे ३८ लाख वर्षांपूर्वीच्या शहामृगाच्या टरफलात प्रथिनाचे तुकडे सापडले. हे डिमार्की आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. लाएतोली विषुववृत्ताजवळ आहे, तिथली हवा गार नाही. मग आपल्याकडच्या पंचवीस-तीस हजार वर्षांच्या टरफलांत काय असेल?

काही उत्तर मिळालेही आहे. हैदराबादच्या सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या टरफलांवर काम केले आणि त्यातून डीएनए मिळवला. तो आफ्रिकेतल्या आजच्या शहामृगाशी जुळला. त्याआधी, २०१५ साली, राजस्थानातल्या काटोती येथील टरफलांवरून असे दाखवले गेले होते, की साठ हजार वर्षांपूर्वीही तिथे शहामृग होते. म्हणजे आफ्रिकेतून अरबस्तानमार्गे सिंधच्या वाळवंटाकडून हे पक्षी इकडे येत राहिले असावेत, आणि ज्या काळात हवा कोरडी, गवताळ पट्टे रुंद, त्या काळात थेट तापीच्या खोऱ्यापर्यंत पसरले. शहामृगाला खुले माळरान लागते. त्याचे टरफल जिथे मिळते तिथे त्या काळी माळरान होते असे म्हणता येते. टरफलातला कार्बन मोजला तर त्या माळावर कोणत्या प्रकारचे गवत होते तेही सांगता येईल, आणि ऑक्सिजन मोजला तर हवा किती कोरडी होती याचा अंदाज येईल. खानदेशच्या पंचवीस हजार वर्षांपूर्वीच्या हवामानाची ही नोंदवही आहे.

म्हणून माझी तुम्हाला, विशेषतः जळगाव, धुळे, नंदुरबार आणि नाशिककडच्या शिक्षकांना व शेतकरी बांधवांना विनंती आहे. नाल्याच्या कापलेल्या काठात, विहिरीच्या खोदकामात, शेततळ्याच्या मातीत पिवळसर पांढरा, किंचित वाकलेला, दोन मिलिमीटर जाड तुकडा दिसला तर त्याला शिंपला समजून फेकू नका. त्याच्या बाहेरच्या अंगावर टाचणीने टोचल्यासारखे ठिपके पुंजक्यांनी दिसतील. कडेला भिंगातून पाहिले तर उभे थर दिसतील. तो साबणाने धुऊ नका, त्याला गोंद किंवा वार्निश लावू नका, कारण नंतर आतली प्रथिने मोजताना तेच आड येते. कुठे मिळाला, किती खोल होता, कोणत्या रंगाच्या मातीत होता, शेजारी दगडी चिपा होत्या का, हे कागदावर लिहा, मोबाइलवर जागेचा फोटो काढा आणि तुकडा त्या कागदासह पुरातत्त्व विभागाकडे किंवा जवळच्या विद्यापीठातल्या पुरातत्त्व अभ्यासकांकडे पाठवा. जागेची नोंद नसलेला तुकडा अभ्यासाला फारसा उपयोगी पडत नाही, म्हणून तो कागद तुकड्यापासून कधी वेगळा करू नका.